नोरीनबाईंनी लपवलेला वॉकर

मित्रांनो, घरातलं माणूस दिवसभर जिच्या आधारानं चालतं आणि पाहुणा आला की जिला आधी लपवतं, अशी एखादी वस्तू तुमच्या घरात आहे का? ऑस्ट्रेलियातल्या मून्टा गावच्या नोरीन ट्रेझाइसबाईंच्या घरात ती वस्तू मी होतो. मी चार चाकांचा वॉकर. दोन ब्रेक, पुढे जाळीची टोपली, आणि दमलं की टेकायला मधे काळी बैठक. आता माझा डावा ब्रेक नीट लागत नाही आणि चाकांत केस अडकलेत.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नळ्या वाकवल्या, चाकं बसवली, खोक्यात घातलं. बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची मुलगी लिनेट मला ॲडलेडहून गाडीच्या डिकीत घालून घेऊन आली. बाईंनी मला पाहून नाक मुरडलं. "हे म्हाताऱ्यांसाठी असतं," म्हणाल्या. तेव्हा त्यांना एक्क्याऐंशीवं चालू होतं.

पण महिन्याभरात आमचं जमलं. सकाळी पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, मग मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडापर्यंत. माझ्या बैठकीवर बसून त्या मटार सोलायच्या. शेजारच्या आयरिसला एकदा म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यापेक्षा बरा गं हा. थांब म्हटलं की थांबतो तरी!" तीन वर्षं मी त्यांचा भार वाहिला, आणि तेवढं एक कौतुक मला तीन वर्षं पुरलं.

चौथ्या वर्षी बाई तीनदा पडल्या. एकदा तर माझं चाक धरून तासभर जमिनीवर बसून होत्या. लिनेट दोन तासांवर ॲडलेडला शाळेत शिकवायची. घरी येऊन आईला आंघोळ घालणारी, औषधं देणारी, शिकलेली बाई सरकारकडून मिळावी म्हणून तिनं फोनवर फोन केले. फोनवरचं संगीत ऐकून तिचे कान किटले. आठ महिन्यांनी तारीख मिळाली. कर्स्टन नावाची अधिकारी बाई घरी येऊन प्रश्न विचारणार होती, आणि ती जे लिहील त्यावर किती मदत द्यायची ते ठरणार होतं.

"आई, तिला चांगला दिवस सांगू नकोस. वाईटातला वाईट दिवस सांग," लिनेटनं आदल्या दिवशी बजावलं.

"परक्या बाईपुढे रडगाणं गाऊ? आमच्या घराण्यात कुणी गायलेलं नाही."

"मग गा की एकदा. बेसूर गायलीस तरी चालेल."

"आणि तिनं मला उचलून वृद्धाश्रमात टाकलं तर?"

खरी भीती ती होती. म्हणून बाईंनी केस सेट करून घेतले, ओठांना लाली लावली आणि पाहुणीसाठी पॅस्टी करायला घेतली. मून्ट्यातल्या जुन्या खाणकामगारांच्या घरांत मांस-बटाटा भरलेल्या या पॅस्टीच्या कोपऱ्यावर, ती खाणाऱ्याच्या नावाचं अक्षर पिठानं चिकटवतात. बाईंनी कर्स्टनच्या नावाचंही चिकटवलं. त्यासाठी त्या सकाळचे तीन तास माझ्यावर बसून होत्या, दम खात होत्या, मला धरून ओव्हनपर्यंत जात होत्या.

दारात गाडी थांबली. "लिन, याला ने आत. वॉशिंग मशीनच्या मागे," बाई म्हणाल्या. लिनेटनं मला नेलं. दार किलकिलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आंघोळ तुमची तुम्ही करता, नोरीन?"

"रोज."

आठवड्यातून दोनदा, तीही ओल्या फडक्यानं. मी साक्षीला होतो, पण मला कोण विचारतंय?

"या वर्षात कधी पडलात?"

"मी? छे!"

"घरात चालताना आधार लागतो?"

"एवढ्या भिंती आहेत की!"

कर्स्टन हसली. "पॅस्टी फार सुंदर झालीय हो. एकटीनं केलीत?"

"मग काय, भुतं येतात करायला?"

कर्स्टननं लिहून घेतलं, स्वयंपाक स्वतः करतात.

"खरं सांगायचं तर, आई..." लिनेट म्हणाली.

"लिन, किटली बघ गं जरा."

लिनेट उठली, पण किटलीकडे न जाता माझ्याकडे आली. तिनं माझी मूठ धरली, ब्रेक सोडला. मला वाटलं, आता नेते. नुसतं ढकलत त्या खोलीत नेलं असतं तर तिला एक शब्दही बोलावा लागला नसता. तेवढ्यात बाहेरून आईचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी आई अशी हसत होती. लिनेटनं ब्रेक पुन्हा लावला आणि रिकाम्या हातांनी परत गेली. मी तिला आजवर माफ केलेलं नाही.

पत्र आलं. आठवड्याला एक तास साफसफाई, बाकी काही नाही. फेरतपासणी मागता येत होती, पण पुन्हा तीच रांग. बाई मात्र खूश. "बघ, सरकारनंच सांगितलं, मला काही झालेलं नाही!" कर्स्टन अचानक तपासायला येईल या धास्तीनं त्यांनी मला मशीनमागेच राहू दिलं. त्या खरोखरच भिंती धरून चालू लागल्या.

अंगणात भिंती नव्हत्या. गुरुवारी झाडायला आलेल्या मुलीला त्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सापडल्या. दुसरा खुबा मोडला होता आणि शेजारी धुतलेल्या कपड्यांची टोपली उपडी पडली होती.

बाईंना वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर विकायला काढलं. लिनेट मला तिथे घेऊन गेली. बाई आता चाकांच्या खुर्चीत होत्या, माझा उपयोग संपला होता. तरी त्यांनी माझ्या बैठकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"त्या दिवशी याला बाहेर का नाही आणलंस?" त्यांनी विचारलं.

"आई, तूच तर लपवायला सांगितलंस!"

"मी सांगणारच. तू ऐकायचं कशाला?"

लिनेटनं मला घडी करून डिकीत टाकलं. तेव्हापासून मी तिच्या गॅरेजमध्ये आहे.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं काही मी मागत नाही. उद्या तुमच्या घरातलं म्हातारं माणूस चौकशीला आलेल्यापुढे हसून म्हणेल, मला काही लागत नाही. त्याचं अजिबात ऐकू नका. जे लपवलं असेल ते ढकलत आणून खोलीच्या मधोमध उभं करा. ते रागावेल, तुमच्याशी चार दिवस बोलणार नाही. पण आपल्या घरात बसून रागावेल.