मागून येणारी

बस वळसा घालून शहराकडे परतली. थोरलीने पिशवी चाचपली, मग उलटी करून झटकली.

“अभ्रा दोरीवरच राहिला गं! काल धुतला, वाळत घातला, आणि विसरले बघ.”

“राहू द्या हो, जाऊबाई,” धाकटी हसली. “पाठीवर अभ्रा नाही म्हणून मला कुणी पळवून नेणार नाही.”

बस पुलापाशी संपायची आणि कामं होती पुलापलीकडे. मधे नुसता हमरस्ता, ना दिवा ना कडेला पायवाट. दोघी जावा रोज पहाटेच्या अंधारात तो तुडवत एका हॉटेलच्या धुलाईखान्यात जायच्या. गुडघा दुखरा म्हणून थोरली पुढे, तिच्या चालीने चालायचं. धाकटी मागे, ट्रकवाल्यांना दिसावी म्हणून पाठीला उशीचा पांढरा अभ्रा टाचलेली. वळून पाहिलं की ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपत. म्हणून थोरली न वळताच हाक द्यायची, “आहेस का गं?” मागून यायचं, “आहे हो!”

“आज परत फिरू या.”

“आणि मुकादमाला काय सांगायचं? परवाच म्हणाला ना, आता उशीर झाला तर दोघींनी घरी बसा. घरी बसून खायचं काय, अभ्रा?”

थोरलीने पिशवी खांद्याला लावली. पदर खोचून चालू लागली. धुकं दाटलं होतं.

“आहेस का गं?”

“आहे हो! जाते कुठं!”

एक ट्रक वारा उडवत गेला.

“आहेस का गं?”

“आहे, आहे. तुम्ही गुडघा सांभाळा.”

दुसरा ट्रक अगदी अंगाजवळून गेला.

“आहेस का गं?”

थोरली आणखी दोन पावलं तशीच चालली. मग वळली.

आठवड्याने मुकादमाचा निरोप आला, येताय की दुसरी बाई बघू? पहाटे थोरली उंबऱ्याबाहेर पडणार तोच धाकटा दीर उठला. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता.

“वहिनी, थांबा जरा.”

दोरीवरून अभ्रा काढून त्याने तिच्या पाठीला टाचला. चारी कोपरे ओढून पाहिले.

पुलापलीकडे आज ती एकटीच होती. थोडं चालल्यावर हाक आपसूक ओठांवर आली. तिने ती अडवली नाही.

“आहेस का गं?”

उत्तराला लागेल तेवढा वेळ तिने पाऊल उचललं नाही. मागून ट्रक आला. त्याच्या उजेडात तिची सावली लांबच लांब पुढे पसरली. आणि ट्रक बराच दुरून वळसा घेऊन गेला.