भाऊजींचं वजन

वजन करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता, पण स्वतःचं वजन त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. हमरस्त्याला लागून ट्रकचा वजनकाटा होता, तिथे तो बसायचा. रिकामा ट्रक यायचा, भरून परत यायचा, मधला फरक म्हणजे माल. काचेच्या केबिनमध्ये एक खुर्ची, एक पंखा, आकडा दाखवणारं यंत्र आणि तो. ड्रायव्हर त्याला काटेवाला म्हणत. हळूहळू तोही स्वतःला तेच म्हणायला लागला, कारण दुसऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं.

नाही म्हणायला एक थोरला भाऊ होता, पण तो बोलत नव्हता. फार वर्षांपूर्वी दादाने आपल्या साहेबाकडे शब्द टाकून याला नोकरी लावली आणि या गृहस्थाने ती पहिल्याच आठवड्यात, कुणाला न सांगता सोडली. का सोडली, हे विचाराल तर त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दादाची मात्र साहेबासमोर मान खाली गेली. "तू आयुष्यात एक गोष्ट शेवटाला नेशील तर शपथ," दादा म्हणाला, आणि त्यानंतर जे तोंड मिटलं ते मिटलंच.

म्हणून एके दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा त्याला वाटलं, दादा गेला.

गेला नव्हता, पण यकृत गेलं होतं. कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर निभावेल, असं डॉक्टर म्हणत होते. दादाचा पोरगा द्यायला तयार होता, पण त्या पोराला चिरू द्यायला दादा तयार नव्हता.

"भाऊजी, मी ह्यांना न विचारता फोन करतेय," वहिनी म्हणाली. "तुमचं नाव काढलं तर चिडतील, नकोच म्हणतील. आधी तपासण्या होऊ देत. सगळं जुळलं की मी सांगते. मग काय ते ऐकतील."

रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. अडलं ते वजनापाशी. डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं यकृत दाखवलं आणि म्हणाले, यावर चरबी आहे, असं कापता येणार नाही, आधी वजन उतरवा. किती, तेही सांगितलं. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून कमावलेला ऐवज होता तो, असा सहजासहजी थोडाच जाणार!

हॉस्पिटलमधल्या आहाराच्या बाईंनी तोडगा काढून दिला. सकाळी आणि दुपारी जेवणाच्या जागी घरी केलेली स्मूदी, संध्याकाळी थोडंसं साधं जेवण. पालक, काकडी, अर्धं केळं, दही, चमचाभर जवस, मूठभर ओट्स, सगळं मिक्सरमध्ये. साखर नाही, मध नाही, "थोडासा गूळ चालेल का" हा प्रश्नही नाही. रंग असा यायचा की पहिल्या दिवशी त्याने ग्लास उजेडात धरून पाहिला आणि डोळे मिटून औषधासारखा घशाखाली लोटला.

पण तो खूश होता. सांगायला विचित्र वाटेल, पण भाऊ मरणाच्या दारात आणि हा मिक्सर लावताना गुणगुणायचा. वजन उतरलं की वहिनी दादाला सांगणार होती. त्याचा तुकडा अंगात घेतल्यावर दादा किती दिवस न बोलता राहील? एक वाक्य तरी बोलावंच लागेल. त्या एका वाक्यासाठी त्याने पालकाचं शेतसुद्धा प्यायलं असतं.

पहिल्या महिन्यात त्याला घाई झाली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो ट्रकच्या काट्यावर जाऊन उभा राहिला आणि मान वाकडी करून केबिनमधला आकडा बघू लागला. पण ट्रकचा काटा दहा-दहा किलोंच्या हिशोबात बोलतो, त्याला एका माणसाच्या कमीजास्तीचं काय सोयरसुतक! उतरलेलं वजन आकड्यात दिसेना. मागून एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि विचारलं, "काय काटेवाले, रिकामे का भरलेले?" तो हसत हसत उतरला आणि सुटीच्या दिवशी माणसांचा काटा विकत घेऊन आला.

वजन उतरत होतं, पण त्याबरोबर आणखीही काही गेलं. रस्त्यापलीकडच्या खाणावळीत तो वर्षानुवर्षं जेवत आला होता. तिथे ठरलेलं टेबल होतं, तोंडओळखीचे चार लोक होते, आणि वाढताना "आज उशीर केलात" म्हणणारी मालकीण मावशी होती. स्मूदीची बाटली घेऊन तो एकदा तिथे जाऊन बसला. मावशी काही वाईट नव्हती, पण जेवणाची गर्दी होती.

"भाऊ, ते हिरवं पाणी कुठेही प्यायलात तरी चालेल की," ती म्हणाली. "टेबल अडतंय बघा."

तिचंही खरंच होतं. तेव्हापासून तो केबिनमध्येच प्यायला लागला. तिथे त्याला एक गोष्ट कळली. माणूस जेवतो तेव्हा वेळ जातो. भाजी वाढा, मीठ द्या, आज आमटीत दम नाही, अशी बोलाचाली होते. स्मूदी मात्र चार घोटांत संपते आणि दुपार तशीच्या तशी पुढ्यात राहते. रिकामी बाटली हातात धरून तो पलीकडच्या खाणावळीतले हलणारे हात बघायचा. भूक तर लागायचीच, पण भुकेपेक्षा एकटेपणा जास्त लागायचा.

हा एकटेपणा भरून निघायचा संध्याकाळी. वहिनीचा रोज फोन यायचा.

"किती झालं, भाऊजी?"

तो आकडा सांगायचा. सुरुवातीला तेवढ्यावर फोन संपायचा, मग वाढत गेला. दादाने आज दोन घास खाल्ले, दादा चिडला, दादाला झोप नाही, पायांवर सूज आहे. पंधरा वर्षं बंद असलेल्या घराची खिडकी रोज थोडीशी उघडायची आणि हा बाहेरून टाचा उंचावून बघायचा. वहिनी "बरं, ठेवते" म्हणाली की त्याचा जीव खालीवर व्हायचा.

"वहिनी, पालक कच्चा टाकायचा की उकडून?" तो विचारायचा.

हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण वहिनी मन लावून उत्तर द्यायची आणि फोन थोडा लांबायचा. दुसऱ्या दिवशी तो काकडीचं साल विचारायचा.

आणि एका सकाळी काट्याने डॉक्टरांचा आकडा दाखवला. तो उतरला, पुन्हा चढला. आकडा तोच. त्याने गालावर हात फिरवला, पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं चाचपली आणि खरं सांगायचं तर तो रडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट शेवटाला नेली होती. वहिनीला लगेच फोन करायचा मोह त्याने आवरला. संध्याकाळी ती विचारेल, तेव्हा अगदी सहज सांगायचं, असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी फोन आला नाही. त्याने केला, तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"भाऊजी, काल पळापळ झाली," वहिनीचा आवाज बसला होता. "ह्यांचं एकदम बिघडलं. पोराने आमचं काही ऐकलं नाही, सरळ सही करून मोकळा झाला. त्याच्या तपासण्या आम्हाला न सांगता आधीच करून ठेवल्या होत्या त्याने. आज पहाटे ऑपरेशन संपलं. दोघंही ठीक आहेत."

"छान झालं," तो म्हणाला. ते त्याने मनापासूनच म्हटलं. दादा वाचला होता.

"तुमचे उपकार विसरणार नाही. पण आता सुटलात तुम्ही. आता खा पोटभर."

"वहिनी, दादाला माझं सांगितलंत का?"

"आता कशाला सांगू, भाऊजी? डॉक्टरांनी ह्यांना जपायला सांगितलंय, चिडायला नको. तुम्ही समजून घ्या."

त्याने समजून घेतलं. उतरलेल्या आकड्याबद्दल तो बोललाच नाही. वहिनीने विचारलं नव्हतं.

त्यानंतर रोजचा फोन थांबला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण रागवायला समोर दोषी कुणीच नव्हतं. खाणावळीत जायला आता कुणाची आडकाठी नव्हती, पण त्याचा पाय तिकडे वळेना. सकाळ झाली की तो मिक्सर लावायचा. फोन यायच्या वेळेला तो काही काम न काढता बसून राहायचा.

दोन-तीन महिन्यांनी वहिनीने बोलावलं. "येऊन जा एकदा. कानावर आलं म्हणून भेटायला आलो, असंच सांगा."

पोरगा पुन्हा कामावर जायला लागला होता. घरात दोघंच होती. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, तोंडाला मास्क, मांडीवर चादर. दाराकडे बघून त्याने विचारलं, "कोण?"

"मी."

दादाने त्याला वरून खालपर्यंत बघितलं.

"वाळलास," तो म्हणाला.

ज्याची एवढी वाट बघितली ते वाक्य हेच, हे ध्यानात यायला त्याला जरा वेळ लागला.

"आजारी होतास?"

"नाही रे."

"मग?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. त्याच्याजवळ उत्तर होतं. केबिनमध्ये बसून कितीतरी दुपारी त्याने ते घोकलं होतं. दादाच्या मनगटावर अजून सुयांचे डाग होते.

"एकट्याचा स्वयंपाक," तो म्हणाला. "कंटाळा येतो."

"तुझा कंटाळा जुनाच आहे." दादाच्या बोलण्यात राग नव्हता. मग तो पोराबद्दल बोलायला लागला. "मी नको नको म्हणत होतो. ऐकलं नाही त्याने. आपलं माणूस असलं की मागावं लागत नाही."

"खरंय," तो म्हणाला.

वहिनीने त्याला टेबलाशी बसवलं. भात, डाळ, बटाटे, अंडी, तिने ताट भरून वाढलं आणि वर आणखी वाढलं. त्याच्याकडे बघायचं मात्र तिने टाळलं. कित्येक महिने घोटांवर जगलेलं त्याचं पोट चार घासांतच भरलं. त्याने हात आवरता घेतला.

"संपव ते," खिडकीजवळून दादा म्हणाला. "अर्ध्यावर टाकून उठायची सवय अजून गेली नाही वाटतं."

तो पुन्हा ताटावर वाकला. पाणी पीत, मध्ये थांबत, कपाळावरचा घाम बाहीने टिपत तो जेवत राहिला. दादा सगळा वेळ बघत होता. शेवटचं शीत उचलून त्याने तोंडात टाकलं आणि मान वर केली.

ताट लख्ख झालेलं बघून दादा जरा हसला. "वाढ गं त्याला आणखी. किती दिवसांचा भुकेला आहे बघ."

वहिनी भाताचं पातेलं घेऊन आली आणि टेबलापाशी नुसतीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "पुरे झालं असेल त्यांना," ती कसंबसं म्हणाली.

"वाढा, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याने ताट पुढे केलं.