होडीचं वायरिंग

होडीच्या मागच्या झाकणातून पोटात खांद्यापर्यंत हात घालून नागनाथ भोक पाडत होता. ड्रिल मशीन प्लॅस्टिकमधून इतकं अलगद आरपार गेलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. ट्रकच्या चासीला भोक पाडायचं म्हणजे घामाच्या धारा लागायच्या. हे काम बिनबोभाट झालं. त्यानं बोल्ट सारला, खालून वायसर आणि नट लावला, पान्यानं आवळला आणि कंबर धरत कसाबसा उभा राहिला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या तोंडाशी त्याचं बॅटरीचं आणि गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. चाळीस वर्षांत ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो, एकदा तर लग्नाच्या मिरवणुकीचा रथसुद्धा त्याच्या हाताखालून गेला होता. होडी ही पहिलीच. ती आणली होती चैतालीमॅडमनी. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि हिप्परग्याच्या तलावात कुठं किती पाणी आहे, मासे कुठं राहतात, याची नोंद करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यासाठी एकट्यानं वल्हवायची ही पिवळी कयाक, आणि तिच्यावर बसवायला फिश फाइंडर. म्हणजे मोबाइलपेक्षा थोडा मोठा पडदा आणि तळाला चिकटवायची एक चकती. चकती पाण्यात आवाज सोडते, तो तळाला नि माशांना आपटून परत येतो, आणि वर पडद्यावर सगळं दिसतं. याला बॅटरी जोडून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तीन दुकानांनी त्यांना वाटेला लावलं होतं.

खरं तर नागनाथनंही लावायला हवं होतं. गेल्या महिन्यात एका नव्याकोऱ्या गाडीत त्यानं तारा उलट्या टेकवल्या होत्या. चष्म्याचा नंबर वाढला होता, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीतला कॉम्प्युटर जळाला आणि त्याच्या मुलाला, दीपकला, मालकापुढे हात जोडावे लागले. त्या संध्याकाळी दीपक शांतपणे म्हणाला होता, "आण्णा, आता हत्यार हातात घिऊ नका. खुर्चीवर बसा, बॅटऱ्यांत पानी भरा. परत आसलं काय झालं, तर दुकान दुसऱ्याला दिऊन मी नोकरी बगतो."

तेव्हापासून नागनाथ खुर्चीवर बसत होता. बसून बसून माणूस इतका थकतो, हे त्याला साठीत कळलं. गिऱ्हाईक आलं, की त्याच्या डोक्यावरून नजर टाकून विचारायचं, दीपकभाऊ कुठं आहेत? आज दीपक इन्व्हर्टर बसवायला वैरागला गेला होता आणि मॅडमनी विचारलं होतं, "काका, तुम्ही कराल का?" नाही म्हणायला जीभच वळेना.

चकती त्यानं झकास बसवली. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर आवाज पाण्यात उतरत नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून बोटानं दाबून दाबून हवा काढली. बॅटरी झाकणाच्या डब्यात घालून सीटच्या मागं पट्ट्यानं बांधली. मधे फ्यूज टाकला. पडद्याच्या दोन्ही तारा बॅटरीला नुसत्या टेकवून बघितल्या, तर पडदा लख्ख उजळला. तेवढ्यात दीपकचा फोन आला, की तो निघालाय. मग मात्र नागनाथची धांदल उडाली. पोरगा यायच्या आत होडी दुकानातून गेली पाहिजे, एवढं एकच डोक्यात राहिलं. उरलेलं काम हातांनी आपल्या आपण उरकलं. पुन्हा चालू करून बघायचं राहून गेलं. मॅडम टेम्पो घेऊन आल्या, उद्या उजाडताच पाण्यात उतरणार म्हणाल्या आणि होडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी जेवताना त्याला राहवलं नाही. दीपक मोरीत हातपाय धुत होता. तेवढ्यात बायकोला, चांगुणाला, तो हलक्या आवाजात सांगू लागला. "लई साधं काम होतं बग. लाल तार फ्यूजातनं बॅटरीला. पडद्याची काळी पुढं सीटच्या बोल्टला, बॉडीला. बॅटरीची काळीबी मागं नवा बोल्ट मारून बॉडीला."

बोलता बोलता त्याचा भाकरीचा हात थांबला.

ट्रकला एकच तार ओढायची असते. परतीची वाट लोखंडी सांगाडा देतो. काळी तार जवळच्या बोल्टला आवळली की काम फत्ते. चाळीस वर्षं त्याचे हात हेच करत आले होते. पण होडी प्लॅस्टिकची होती. तिच्यातून वीज कुठून जाणार? यंत्र चालू होणार नाही, ते एक वेळ चाललं असतं. पण त्या नव्या बोल्टासाठी त्यानं भोक पाडलं होतं, आणि ते होडीच्या तळाला.

त्यानं मॅडमना फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही बंदच. चांगुणा विचारत राहिली, काय झालं? बोल्ट घट्ट आवळलाय, पाणी येणार नाही, मॅडमच्या अंगात जाकीट असेलच, अशी त्यानं मनाची समजूत घालून बघितली. ती पटेना. उजाडायच्या आत कुणाला न सांगता जायचं, तर अंधारात त्याला गाडी चालवता येत नव्हती. आणि सांगायचं म्हणजे दुकान गेलं. ताटातली भाजी निवून गेली. दीपक टॉवेलला तोंड पुसत आत आला, तेव्हा नागनाथनं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं.

दीपकनं मोबाइल उचलून पहाटेचा गजर लावला. मग एवढंच विचारलं, "भोक कितीचं हाय?"

तलावावर पोचले तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. पिवळी होडी काठापासून वीसेक हातांवर होती. मॅडम पडद्यावर वाकून बटण दाबत होत्या, आणि होडीची मागची बाजू नको तितकी खाली गेली होती. नागनाथ चपलांसकट पाण्यात शिरला. मांड्यांपर्यंत पाणी आलं तरी तो चालतच राहिला. "मॅडम, माघारी फिरा," तो ओरडला, "काठाला या."

त्या आल्या. तिघांनी मिळून होडी आडवी केली, तर मागच्या झाकणातून भडभडा पाणी बाहेर आलं. चांगलं दोन-तीन बादल्या असेल. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. मग जाकिटाचा पट्टा सोडवत म्हणाल्या, "मला फारसं पोहता येत नाही, काका."

दीपक चटकन पुढं झाला. "टेंपोत आदळली आसंल, मॅडम. आसल्या धक्क्यानं बोल्ट सैल हुतो. मी करून देतो."

पोरानं बापासाठी थाप मारली होती. जळालेल्या गाडीच्या वेळी हात जोडणारा पोरगा, आज त्यानं बापाची अब्रू अशी झाकली, याचं नागनाथला रडू आलं. पण मॅडम मान डोलवायला लागल्या होत्या, आणि ते त्याला सहन झालं नाही.

"न्हाय मॅडम," तो म्हणाला. "टेंपोचा काय दोष न्हाय. भोक मीच पाडलं. ट्रक समजून पाडलं. त्याची गरजच नव्हती."

मॅडमनी वाकून तळाचं भोक बघितलं. पाण्यावर बगळे उतरू लागले होते. मग त्यांनी विचारलं, "पण दुरुस्त होईल ना?"

"हुईल की. पन मी न्हाय करनार. माजी नजर आता धड न्हाय. दीपक करंल."

चष्म्याचं तो आज पहिल्यांदाच बोलला. दीपकनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं, मग पिशवी उघडली आणि ओल्या वाळूत गुडघे टेकले. बोल्ट काढून टाकला. सोल्डरिंगच्या गॅसवर प्लॅस्टिकचा तुकडा वितळवून भोक बुजवलं, वरून पाणी अडवणारं सीलंट लावलं. मॅडमना सांगितलं, की आज होडी पाण्यात घालायची नाही, सीलंट पुरतं वाळू द्यायचं. मग काळ्या तारेला जोड देऊन तो ती थेट बॅटरीपर्यंत ओढू लागला. नागनाथ ओल्या कपड्यांत होडीपाशी बसला होता. ती डुगडुगू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांनी कडा धरून ठेवल्या होत्या.

"पक्कड," दीपक म्हणाला, आणि मान वर न करता हात मागं केला.

नागनाथनं पिशवीतून पक्कड काढली, शर्टाच्या कोरड्या बाहीला पुसली आणि मुठीची बाजू पुढं करून पोराच्या हातात दिली.