दोनशे अकरा दिवस चालू

"ज्या यंत्राला माणसाची गरज उरत नाही, तेच खरं यंत्र. मानवजातीच्या सगळ्या धडपडीचा अर्थ एवढाच आहे."

हे वाक्य डायलटोनकाकांनी वाचनालयाच्या समितीपुढे उभं राहून उच्चारलं. समितीचे तिघे हजर होते. एकानं पंखा जरा कमी करायला सांगितलं, दुसऱ्यानं सही कुठं करायची ते विचारलं आणि तिसरे झोपलेले असल्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला. नवा सर्व्हर घ्यायचा, आणि तो काकांनी निवडायचा.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढल्यामुळे की काय, बोलण्याआधी काका एक लांबलचक हुंकार देत. नाव त्यावरून पडलं. बायको होती तोवर ती हुंकार मधेच तोडून पुढचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. ती गेल्यापासून वाक्यं काकांनाच पुरी करावी लागत, आणि ऐकायला समोर भिंत असे. मुलगी दूरदेशी. दर रविवारी फोन करून "बाबा, जेवलात ना?" विचारायची. काका हुंकार देत, तिला ते उत्तर वाटे.

उरला मंगळवार. सोमवारी वाचनालय बंद, त्यामुळे मंगळवारी सकाळी जुना सर्व्हर हटकून रुसायचा. ग्रंथपालबाईंचा फोन यायचा, "काका, गेलं हो पुन्हा." काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघत. मशीन दहा मिनिटांत सुरू होई, काका दोन तासांनी परतत. मधल्या वेळात चहा होई आणि बाईंच्या गुडघ्याची सविस्तर चौकशी होई. कपाटात कान तुटलेला एक निळा कप खास त्यांच्यासाठी ठेवलेला असे.

वाचनालयाचं सगळं काम मुक्त प्रणालीवर चाले. मुक्त म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता येतो, त्यामुळे अर्थातच तो फारसं कुणी वाचत नाही. मात्र तिला वाटेल ते यंत्र मानवत नाही. म्हणून जगभरच्या उत्साही लोकांनी आपापली यंत्रं तपासून एक यादी केलेली असते आणि प्रत्येकापुढे शेरा मारलेला असतो : 'चालतं', 'चालत नाही' किंवा 'चालतं, पण'. काकांना हा तिसरा शेरा फार आवडे. ओळखीच्या बहुतेक माणसांना तो चपखल बसायचा.

गाळत गाळत दुकानात दोन यंत्रं उरली. एक नवंकोरं, चकचकीत. त्याच्या नेटवर्क कार्डापुढे लिहिलं होतं, 'चालतं, पण आठ-दहा दिवसांनी झोपतं. जवळ जाऊन उठवावं लागतं.' दुसरं एका बंद पडलेल्या कचेरीतून आलेलं, काळं, बोजड. एक पॉवर सप्लाय गेला तर दुसरा तयार, आणि मेमरी अशी की स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करणार. माणसांत हे दुर्मीळच. त्याच्यापुढे नुसतं 'चालतं.' आणि पूर्णविराम.

काकांनी आपल्या पेनड्राइव्हवरची प्रणाली त्या काळ्या यंत्रावर चढवली, चाचणी लावली आणि तीन दिवस दुकानात स्टुलावर बसून राहिले.

"काका, मशीन विकत घेताय की दत्तक?" दुकानदारानं विचारलं.

तिसऱ्या दिवशीही एक चूक सापडली नाही, तेव्हा तो मायेनं म्हणाला, "डोळे मिटून न्या. पुन्हा याला हात लावायची पाळी यायची नाही तुमच्यावर."

काकांनी दोन्ही यंत्रांचे कागद घरी नेले. टेबलावर पसरले. 'जवळ जाऊन उठवावं लागतं' या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. महिन्याला तीन मंगळवार तरी पक्के होते. कुणाला कळलंही नसतं. समितीला तर चकचकीतच आवडलं असतं.

मग त्यांना ती नर्स आठवली. मागे एका मंगळवारी ती वाचनालयाच्या संगणकावर परीक्षेचा अर्ज भरायला आली होती, शेवटचा दिवस होता. 'बंद' ही पाटी बघून तासभर बाकावर बसली आणि निघून गेली. मशीन तेव्हा केव्हाच सुरू झालं होतं. पाटी काढायची राहिली होती, कारण काका बाईंना गुडघ्यासाठी तेल सुचवत होते.

त्यांनी काळं यंत्र घेतलं.

ते जे चाललं ते चाललंच. किती दिवस अखंड चालू आहे हा आकडा काकांना घरबसल्या दिसे. रोज सकाळी ते तो बघत. सेहेचाळीस. एकशे तीन. पहिले काही मंगळवार त्यांनी बूट घालून फोनची वाट पाहिली. मग नुसत्याच चपला घालून. एकदा फोन बिघडला की काय म्हणून रिसीव्हर उचलला. डायलटोन येत होता. दोघांनी थोडा वेळ एकमेकांचं ऐकलं. नुसतं जाऊन बसायला कुणाची हरकत नव्हती, पण तक्रार नोंदवली गेल्याशिवाय कुणाच्या दारात जायची त्यांना तेहतीस वर्षांत सवय नव्हती.

दोनशे अकराव्या दिवशी, मंगळवारी, फोन वाजला. "काका, जरा येऊन जाता का?"

काकांनी बूट घातले. पिशवीत जादा डिस्क, केबली, दोन स्क्रू-ड्रायव्हर. वाटेत त्यांनी सात बिघाड कल्पून सातही दुरुस्त केले.

सर्व्हर मजेत घुमत होता. सगळे दिवे हिरवे.

बाईंनी कपाट उघडलं. "रागावू नका हं काका. नव्या मदतनीसबाई आल्यात, त्यांना डबा ठेवायला जागा नाही. तुमचा हा कप तेवढा घेऊन जाल?"

काकांनी कप घेतला. आतली धूळ रुमालानं पुसली. हुंकार बराच लांबला, तो तोडायला कुणी नव्हतं.

"नेतो की," ते म्हणाले. "तत्पूर्वी, यात अर्धा चहा होईल का?"