माझ्या पाठीवरचे तीन ओरखडे

मी एक जुने शौर्यपदक आहे, मित्रांनो. मालवणच्या किनाऱ्यावरील तुमच्या शाळेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. माझ्या छातीवर होडी कोरली आहे आणि पाठीवर दाजी तांडेलांचे नाव. त्या नावाखालचे तीन ओरखडे तुम्हाला हेळसांडीचे वाटतात. तसे ते नाहीत.

सन १९५७ च्या वादळात प्रवाशांचा एक मचवा खडकावर फुटला. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण ती हकीकत ऐकून ऐकून मला पाठ झाली आहे. किनाऱ्यावरून एकच होडी निघाली. सुकाणूवर दाजी, वल्ह्यांवर बाबू, शिवा आणि लवू. दोन खेपांत त्यांनी एकवीस जीव काढले. लवू मात्र परतला नाही. "लाटेन ओढून नेल्यान," असे दाजींनी त्याच्या बायकोला, यशोदेला, सांगितले.

पुढच्या वर्षी मला मुंबईत ओतले आणि मोठ्या साहेबांनी दाजींच्या सदऱ्याला लावले. टाळ्या काय वाजल्या! मी तर हुरळूनच गेले. पण वाडीत आल्यावर दाजींनी मला लगेच काढले. मासळी आली की प्रत्येक वल्हेकऱ्याला वाटा मिळतो, मग पदक एकट्याचे कसे? ते म्हणाले, चार घरांत एकेक महिना राहील. लवूच्याही घरी.

यशोदेने मला हातात घेतले नाही.

"माका वाटो नको," ती उंबऱ्यातून म्हणाली. "तो पाण्यात कसो ऱ्हवलो, ता सांगा."

दाजी मला घेऊन मागे फिरले. दर पाळीला ते मला घेऊन तिच्या दारात जात, ती तेच विचारी आणि ते तसेच परत येत. अशी आठ वर्षे गेली. मला स्वतःच्या चकाकीची लाज वाटू लागली.

मग दाजींनी अंथरूण धरले. पाळी आली आणि मला न्यायला कोणी उठले नाही, तेव्हा यशोदा स्वतःच आली. त्याही दिवशी तिने तेच विचारले.

"लवूक मीच उतरवलंय," दाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "होडयेत एक बाळंतीण होती, जागा नाय होती. तो बरो पोवणारो. खडकाक धरून ऱ्हव, परत येतंय, म्हटलंय. परत इलंय, पण तो थंय नाय होतो."

"ह्या तेवाच सांगूक व्हया होता," ती म्हणाली. ती रडली नाही. तिने मासे कापायची सुरी मागितली. तिला अक्षरे येत नव्हती. दाजींच्या नावाखाली तिने एक रेघ ओढली, बाबूची. दुसरी शिवाची. तिसरीवर सुरी पुन्हा पुन्हा फिरली. मला फार दुखले. मग मला दाजींच्या हातात ठेवून ती निघून गेली.

दाजी गेले तेव्हा मी त्यांच्या मुठीतच होते. पुढे त्यांच्या मुलाने मला शाळेला दिले.

मित्रांनो, दर सव्वीस जानेवारीला तुम्ही मला विटेच्या पुडीने घासता. तुमची माया मला कळते. पण पहिल्या दोन रेघा आता जेमतेमच दिसतात. मला फडक्याने पुसा, हवी तर छाती लखलखीत करा, पाठ मात्र घासू नका. तिसरी रेघ अजून बोटाला लागते. लवूचे नाव आता तेवढेच उरले आहे.