नावांची पट्टी

मेलबर्नमधल्या एका इंजिनिअरानं अमावास्येला बापाच्या जागी आईच्या बापाचं नाव घेऊन तर्पण केलं, आणि तसं फोन करून स्वतःच आम्हाला सांगितलं. ही गोष्ट २००१ सालची. माझे वडील दोन दिवस धड जेवले नाहीत. "पावम, बिचारा, त्याचा बाप हात पुढें करून उभा, आणि पाणी दुसऱ्याच्या हातीं," असं पुटपुटत घरभर येरझाऱ्या घालत राहिले.

अप्पा, म्हणजे सूर्यनारायण वाध्यार, तंजावरातल्या मराठी घरांचे उपाध्याय. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतली साठेक घरं त्यांची. यजमान पाटावर बसायचा, अप्पा त्याच्यासमोर. मंत्र अप्पा सांगायचे आणि नाव घ्यायची वेळ आली की यजमानाच्या तिन्ही पिढ्या तेच त्याच्या तोंडात घालायचे. स्वतःच्या पणजोबांचं नाव ठाऊक नसलं तरी कुणाचं काही अडत नसे. मग नव्या नोकऱ्या आल्या आणि पोरं बंगळूर, सिंगापूर, मेलबर्न अशी पांगली. अप्पा त्यांना टपालानं कागद पाठवायचे. पहिल्या पानावर नावं, पुढं सहा भागांत चाळीस मिनिटांचा विधी. पोरं तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत पहिलं पान विसरत.

मी तेव्हा साउथ मेन स्ट्रीटवरच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवत असे, हॉटेलांच्या आणि साड्यांच्या दुकानांच्या. अप्पांना म्हटलं, तुमचा विधी मी वेबवर घालते. मंत्र खालून वर सरकत राहतील आणि नावं मात्र एका पट्टीत पडद्याच्या माथ्यावर कायम दिसतील. समोर तुम्ही बसल्यासारखंच.

बोलून बसले आणि अडकले. आज हे एका ओळीचं काम आहे. शिकाऊ मुलीही चहा पिता पिता करतात. तेव्हा आमच्या यजमानांच्या ब्राउझरला पट्टी एका जागी चिकटून राहा म्हटलेलं कळतच नसे. वर वेगळी चौकट करून तीत नावं टाकावीत, तर तेही पुरेना, कारण दुसऱ्या भागात आईकडची नावं येतात आणि चौथ्यात आणखी निराळी. पट्टीला पान कुठवर आलंय ते कळायला हवं होतं. पान सरकलं की ब्राउझर वर्दी देतो, त्या वर्दीवर मी पट्टी हलवायला लागले. पण माउसचं चाक एकदा फिरवलं की तो शहाणा पन्नास वर्द्या द्यायचा, आणि पन्नास वेळा पट्टी उडी मारायची.

अप्पांनी पडद्यासमोर खुर्चीत मांडी घालून ते पाहिलं.

"पितर आहेत हे गो वेणी," ते म्हणाले. "टाउन बसमधले पॅसेंजर नव्हेत. एवढे हिसके कां खातात?"

मी वर्द्यांवर विसंबणं सोडलं. पान थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग पट्टी अलगद जागेवर न्यायची, असं केलं. दिसायला देखणं झालं. अप्पांनी पेल्यातलं पाणी हातावर घेऊन पाहिलं आणि मान हलवली. पाणी बोटांवरून सुटतं आणि नाव मागाहून येतं, हे चालायचं नाही म्हणाले. आधी नाव, मग पाणी. तीन रविवार त्यात गेले. शेवटी नवा भाग पडद्यावर यायच्या जरा आधीच नावं बदलतील अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. "सरि. आता बसलं," म्हणाले. मला आयुष्यात कुठल्या बक्षिसानं इतका आनंद दिलेला नाही.

एकवीस घरांची पानं केली. मंत्र रोमन अक्षरांत, कारण पोरांना देवनागरी येत नाही आणि तमिळ अक्षरं प्रत्येक संगणकावर वेगळा अवतार घेत. आणि मी आगाऊपणानं आणखी एक गोष्ट केली. यजमान विधीच्या एकेका भागापाशी पोचला की त्याची वेळ सर्व्हरवर नोंदली जाईल असं करून ठेवलं. पट्टीचं काही बिघडलं तर समजावं, एवढाच हेतू. यजमानांना ते सांगितलं नाही.

पहिल्याच अमावास्येला मी त्या नोंदी उघडल्या. पहिल्या भागाला लोकांनी सात-आठ मिनिटं दिली होती. दुसऱ्याला तीन. त्यानंतरचे चारही भाग एकाच मिनिटात. एकवीसपैकी सतरा जणांनी पान धरून सरळ तळाला ओढलं होतं, आणि माझी पट्टी इमानेइतबारे नावं बदलत त्यांच्यामागून खाली गेली होती. कुणी ती नावं उच्चारली नव्हती.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "करतात कां गो नीट? किती वेळ बसतात?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले. "सगळे शेवटपर्यंत करतात."

का म्हणाले? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. खरं तर मला माझं पान फसलेलं बघवत नव्हतं. अप्पा इतके खुलले की आईला हाक मारून त्यांनी पुन्हा मला तेच सांगायला लावलं. मग दर अमावास्येला ते विचारायचे आणि मी सांगायची. कधी एकोणचाळीस, कधी त्रेचाळीस. खरं वाटावं म्हणून आकडे बदलत असे. इतकी हुशार होते मी.

पुढच्या वर्षी अप्पांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, मग प्रवास, मग यजमानांकडे बसणंही. अप्पांना मरणाची भीती नव्हती. माणसांना तिकडे पोचवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांना एकच घोर होता. मी एकुलती मुलगी. त्यांच्या मागून त्यांची तिथी कोण करणार? मुलीनं केलेलं चालतं का असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

दोघं होते. एक सांबशिव, त्यांचा शिष्य, चाळिशीचा, तिरुवैयारूला राहणारा. तो स्वतःहून येऊन म्हणाला, "अण्णा, मीं करतों. आहे तोंवर दर वर्षीं, कावेरीच्या पायरीवर." दुसरा माझा चुलतभाऊ कार्तिकेय, सिंगापुरात बँकेत असलेला. काका, म्हणजे त्याचे वडील, लवकर गेले. त्याची मुंज अप्पांनी लावली होती. तोही फोनवर म्हणाला, पेरिअप्पांचं, थोरल्या काकांचं, मीच करणार, अक्काचं पान आहेच.

अप्पा दोन दिवस विचारात होते. रक्ताचा आणि गोत्राचा हक्क कार्तिकेयाचा, पण मन सांबशिवाकडे ओढत होतं. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवलं.

"काकाचं तो तुझ्या पानावरच करतो नव्हें? खरं सांग. पुरतं करतो कां? अर्धं सोडत असला तर मीं सांबशिवाला हो म्हणतों. त्यांत कोणाला राग नाहीं."

कार्तिकेयाच्या नोंदी मला तोंडपाठ होत्या. पहिला भाग नऊ मिनिटं, बाकी सगळं मिळून एक. सांगायची वेळ हीच होती, मला ते तेव्हाच कळत होतं. पण कार्तिकेयाचं खरं सांगितलं की बाकीच्या वीस घरांचं काय, हे अप्पांनी लगेच विचारलं असतं. दीड वर्ष ज्या गोष्टीवर तो माणूस खूश होता ती मी त्याच्या आजारपणात कशी काढून घेणार?

"पुरतं करतो अप्पा," मी म्हणाले. "सगळ्यांत नीट तोच करतो."

त्यांनी सांबशिवाला बोलावून, त्याचे हात हातात घेऊन नको म्हणून सांगितलं. सांबशिव जाताना उंबऱ्याशी थांबला, मला म्हणाला, "बरें झालें ताई, घरचा माणूसच बरा." त्याचे डोळे भरले होते. कार्तिकात अप्पा गेले.

वर्ष झालं. वर्षाच्या तिथीसाठी कार्तिकेयाचं नवं पान मी केलं. पट्टीत अप्पांचं नाव घालताना हात थांबला. दुसऱ्या वीस घरांच्या बापांची नावं मी भाजी चिरल्यासारखी भराभर टाकली होती. तीन वेळा तपासलं. नाव जागेवर होतं, हलत नव्हतं.

तिथीच्या दिवशी आईनं पहाटे न्हाऊन स्वयंपाक केला. कच्च्या केळ्याची भाजी, मुगाचं वरण, पायसम. विधी संपल्याचा निरोप आल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेणार नव्हती. सिंगापुरातले साडेबारा म्हणजे आमचे दहा. मी संगणकासमोर बसले. दहा वाजून चार मिनिटांनी पहिली नोंद पडली. दहा वाजून अकराला दुसरी. त्याच मिनिटाला तिसरी, चौथी, पाचवी, सहावी.

मी पडद्याकडे पाहत राहिले. अप्पा गेले त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. माणसं होती, कामं होती. त्या खुर्चीत आलं. तोंडावर पदर दाबून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

लगेच फोन वाजला.

"अक्का, झालं. फर्स्ट क्लास झालं," कार्तिकेय म्हणाला. "पान सुपर केलंस हं. पेरिअप्पांचं नाव सारखं समोर होतं, एकदांही शोधावं लागलं नाहीं."

"सगळं केलंस?"

"सगळं. आता ऑफिसला पळतों. पेरिअम्मांना नमस्कार सांग."

त्याला म्हणायला हवं होतं, बस परत, मी फोनवर सांगते. पण मग त्यानं विचारलं असतं, तुला कसं कळलं? आणि ते सांगायचं म्हणजे मला कधीपासून कळत होतं तेही सांगायचं. मी "सरि" म्हणाले. फोन ठेवला आणि तिरुवैयारूला लावला. सांबशिवाला इतकंच विचारलं की एखाद्याचं काम मध्येच राहिलं, तर त्याच दिवशी दुसऱ्यानं पुरं केलं तर चालतं का.

"नाहीं ताई. एकदां संकल्प सोडला कीं तें काम त्याचंच. दुसऱ्यानं मध्यें हात घालायचा नाहीं." मग घाबरून म्हणाला, "कां? अण्णांचं झालं नव्हें?"

"झालं झालं," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाचं विचारत होते."

मागं वळले तर आई दारात उभी. सकाळपासून उपाशी, चेहरा सुकलेला.

"झालं कां गो?"

"झालं."

"पुरतं?"

"पुरतं. साडेनवालाच बसला होता. बेचाळीस मिनिटं."

तिनं डोळे मिटून हात जोडले. मग आत जाऊन दोन पानं मांडली, दोन्हींवर वाढलं आणि मला हाक मारली. मी जेवले नसते तर तिला कळलं असतं. म्हणून जेवले. भात दोनदा मागून घेतला.