चर्चचा फ्रॉक

रविवारच्या फ्रॉकवरून शनिवारी सकाळीच घरात जुंपली. बुटकीला तो नको होता. गळ्याला काचतो, बसलं की टोचतो, आणि देव काही कपड्यांकडे बघत नाही, असं तिचं म्हणणं.

"देव बघत नसेल, पण बाई बघतात," आई म्हणाली.

मागच्या रविवारी पोर कांद्याच्या वाफ्यातून उठून तशीच चर्चला गेली होती. प्रार्थना शिकवणाऱ्या बाईंनी तिला सगळ्यांदेखत शेवटच्या बाकावर बसवलं. आईच्या ते जिव्हारी लागलं होतं. त्यात उद्या बुटकी पोरांच्या रांगेत पुढं उभी राहून गाणार होती.

"नीट ऐक. शेतात शेताचे कपडे, चर्चला चर्चचे. लग्नाला असतील त्यातले चांगले. आणि कुणी गेलं, तर स्वच्छ धुतलेले, केस विंचरून, पायात बूट. समोरच्याला कळलं पाहिजे, आपण त्याच्यासाठी आलोय."

"समोरचा मेलेला असला तर?"

"तरीसुद्धा."

दुपारी म्हाताऱ्या बैलाने मान टाकली. बापाने कुदळ घेतली आणि शेताच्या कोपऱ्यात खणायला लागला. पावसाने माती लोण्यासारखी झालेली. खड्डा होईपर्यंत बाप कमरेपर्यंत लडबडला. शेजारच्या सुताराने आपली बैलजोडी आणली, दोर लावला. आई मागून रेटत होती.

तेवढ्यात बांधावरून बुटकी आली. पांढरा फ्रॉक, मोजे, बूट. भांगही पाडलेला; वाकडा, पण पाडलेला.

आई रेटायचं सोडून पुढं धावली. "अगं कार्टे, उद्याचा फ्रॉक तो!"

"तूच म्हणालीस."

"मी माणसांचं म्हणाले!"

"तू म्हणालीस, कुणी गेलं तर." पोर रडत नव्हती, वाद घालत होती. "मग हा कुणीच नव्हता का?"

सुतार एकाएकी दोराची गाठ तपासायला लागला. बापाने कुदळ टेकवली, आपल्या बनियनकडे बघितलं आणि घराकडे चालू लागला.

"अहो, कुठं चाललात?"

"आलोच."

आला तो चर्चचा सदरा घालून, केसांना पाणी लावून. त्याच सदऱ्यात त्याने बैल खड्ड्यात उतरवला आणि माती लोटली.

"आधी सांगायचंत, मीही बदलून आलो असतो," सुतार म्हणाला. त्याने निदान गुंड्या लावल्या. आईने पदर झटकून डोक्यावर घेतला. बुटकीने ओंजळभर माती टाकली, पाय घसरला आणि ती चिखलात बसली.

संध्याकाळी आईने फ्रॉक दगडावर आपटून आपटून धुतला, सदराही धुतला. लाल माती ती. डाग फिका झाला, गेला नाही.

रविवारी बाई चर्चच्या दारातच उभ्या. "हा काय अवतार? मागच्या खेपेला सांगितलं होतं ना?"

आईने वाटभर बहाणे जुळवले होते, पण तोंडात एकही येईना. "काल मातीला गेली होती," ती म्हणाली.

"अरे देवा. कुणाच्या?"

"घरातलेच. माझ्या लग्नाआधीपासूनचे."

"फार वय झालं होतं?"

"फार. शेवटपर्यंत राबले."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बुटकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतः नेऊन तिला पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं. मग जाऊन फादरांच्या कानाशी लागल्या.

गाणं झाल्यावर फादरांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. काल या कुटुंबावरचं वडीलधाऱ्यांचं छत्र हरपलं, ते म्हणाले. आयुष्यभर कुणाला दुखावलं नाही, कष्टाला कधी मागे सरले नाहीत, अशा त्या आत्म्याला शांती लाभो.

बापाने डागाचा सदरा खाली ओढून नीट केला. आईने मान खाली घातली, ती वर करायचं धाडस तिला होईना.

मागच्या बाकावरून सुतार सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "आमेन."